हृदय सावरलं, झोप कुठे गेली?

भिवंडीच्या निजामपुऱ्यात यंत्रमागांची खटखट रात्रीही कानावर पडते. त्या आवाजात वर्षानुवर्षं गाढ झोपलेले आजोबा हृदयविकारावर उपचार घेऊन घरी येतात आणि रात्र रात्र जागे राहतात. घरचे म्हणतात, ‘आता वय झालं.’ पण या जागरणामागे शरीराच्या काही थक्क करणाऱ्या व्यवस्था आहेत.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे जरा वर सुमारे २० हजार पेशींचा एक ठिपका आहे. दिवस-रात्रीचं आपलं घड्याळ तोच चालवतो आणि वेळ जुळवतो ती डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. आयसीयूत दिवे रात्रीही जळतात, मॉनिटर वाजत राहतात, मध्यरात्री रक्त तपासायला नेतात. त्यात म्हातारपणी डोळ्यांचं भिंग पिवळसर होतं आणि घड्याळाला हवा असलेला निळा प्रकाश आत कमी पोचतो. मग घड्याळ भरकटतं. अपुरी झोप, तुटपुंजा आहार आणि ताण यांमुळे डिस्चार्जनंतरही काही आठवडे शरीर नाजूक राहतं. येल विद्यापीठातले हृदयतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये या अवस्थेला ‘पोस्ट-हॉस्पिटल सिंड्रोम’ असं नाव दिलं.

हृदय अशक्त असेल तर दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं होताच रक्तात परततं. त्याचा भार फुफ्फुसांवर येऊन धाप लागते, लघवीलाही पुन्हा पुन्हा उठावं लागतं. काहींचा श्वास झोपेत हळूहळू खोल होतो, मग उथळ होतो, काही सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. डब्लिनच्या जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये हा प्रकार नोंदवला. यात रक्त इतकं संथ फिरतं की फुफ्फुसांतली खबर मेंदूला उशिरा मिळते. मेंदू जुन्या बातमीवर हुकूम सोडतो आणि दर वेळी अति करतो.

सगळ्यात नवल गोळीचं. हृदयाचे ठोके आवरणारे मेटोप्रोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर पेशींवरच्या ज्या ग्राहींना अडवतात, तसेच ग्राही मेंदूतल्या पिनियल ग्रंथीवरही असतात. रात्र झाल्याचा निरोप देणारं मेलॅटोनिन तिथेच तयार होतं. त्यामुळे हृदयाला विसावा देणारी गोळी काहींच्या रात्रीचा निरोपही दाबून टाकते.

तरीही ती गोळी स्वतःहून बंद करू नका आणि दुकानातून झोपेची गोळीही आणू नका. लघवीच्या गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. सकाळी आजोबांना अंधाऱ्या खोलीतून बाहेर काढून उजेडात बसवा, दुपारची झोप आटोक्यात ठेवा. आडवं होताच धाप लागत असेल, उशा वाढवाव्या लागत असतील किंवा झोपेत श्वास थांबत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. हृदयरोग्याची झोप उडाली, तर ती तक्रार आधी हृदयाच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला हवी.