उंचीची पट्टी आणि वयाची रेघ

शालेय आरोग्य तपासणीत मुलांची रांग वजनकाट्यापाशी भराभर पुढे सरकते आणि उंचीच्या पट्टीपाशी रेंगाळते. वास्तविक ती तेथे आणखी रेंगाळावयास हवी, कारण किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजेच बीएमआय, काढला जातो, त्यात उंचीतील चूक वर्गाच्या हिशेबाने, म्हणजे जवळजवळ दुप्पट होऊन शिरते. 20 किलो वजनाच्या व 115 सेंटिमीटर उंचीच्या मुलीचा निर्देशांक 15.1 येतो, डोक्यावरच्या अंबाड्यामुळे उंची दोन सेंटिमीटर अधिक नोंदली गेली, की तोच 14.6 होतो. म्हणून जाणती परिचारिका आधी बूट काढावयास लावते, केस सोडावयास सांगते, टाचा, नितंब व खांदे पाठीमागच्या फळीला टेकले आहेत का ते पाहते आणि उंच दिसण्याच्या हौसेने वर केलेली हनुवटी खाली आणून डोळ्याच्या खोबणीची खालची कड व कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत आणते.

एवढ्या काळजीने मिळालेला आकडाही मुलांच्या बाबतीत एकटा काहीच सांगत नाही. प्रौढात 18.5 ही कृशतेची सीमा मानली जाते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या संदर्भ आलेखानुसार सहा वर्षांच्या मुलात हाच आकडा स्थूलतेच्या उंबरठ्यावर असतो. याचे कारण असे, की पहिल्या वर्षात वाढलेला निर्देशांक पुढे उतरत जातो, साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळ गाठतो आणि मग पुन्हा चढू लागतो. या वळणाला मेदाचे पुनरागमन म्हणतात आणि ते फार लवकर आलेल्या मुलांत पुढे स्थूलतेची शक्यता अधिक आढळते. साहजिकच वय व लिंग यांच्या आलेखावर बिंदू मांडल्याखेरीज अर्थ लागत नाही आणि त्यासाठी जन्मतारीख खरी लागते. (शाळेच्या दाखल्यावर सरसकट 1 जून लिहिण्याची जुनी रीत येथे गैरसोयीची ठरते, सहाव्या वर्षी तिने फारसे बिघडत नाही, तेराव्या वर्षी बिघडू शकते.)

भारतीय बालरोग अकादमीने 2015 मध्ये पाच ते अठरा वर्षांसाठी स्वतंत्र आलेख दिले आणि त्यांत प्रौढांच्या 23 व 27 या आकड्यांशी जुळणाऱ्या रेषा अनुक्रमे अतिवजन व स्थूलता यांच्या सीमा म्हणून आखल्या. प्रौढांची नेहमीची 25 ची सीमा येथे खाली आणण्यामागे वैद्यकीय कारण आहे: तेवढ्याच निर्देशांकाला भारतीय शरीरात मेदाचे प्रमाण अधिक असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी हे थेट नवजात बालकांत दाखवले. आसपासच्या खेड्यांतील बाळे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांहून पुष्कळ हलकी असूनही त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. निर्देशांक स्नायू आणि मेद यांत भेद करीत नाही. त्यामुळे तो निदान नसून चाळणी आहे आणि एखादे मूल आधीच्या रेषा ओलांडून वर किंवा खाली जाऊ लागले, तर एका वर्षीच्या बिंदूपेक्षा त्या ओलांडण्यालाच डॉक्टर अधिक महत्त्व देतात.