खाऱ्या वाऱ्यातील मोटार

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहिले असेलच. कोकणात हीच क्रिया अंगणातल्या मोटारीच्या पत्र्यावरही चालू असते.

रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेल हे गाव आहे. लाटा फुटताना उडालेले खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार वारा गावात आणतो. समजा, तेथे एका अंगणात जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून २०२३ साली निवृत्त झाली. तिचे साधे इंजिन दुरुस्त करता येते. तिचा खरा शत्रू गंज होय.

लोखंड गंजण्यास पाणी व ऑक्सिजन ही दोन्ही लागतात. पाण्यात मीठ असले की ते विजेचे चांगले वाहक बनते. पत्र्यावरील खाऱ्या थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर पोचतो, मध्यभागी कमी. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात व तेथे ऑक्सिजन आणि पाणी त्यांना स्वीकारतात. एवढासा थेंब म्हणजे एक विद्युत्-घटच! म्हणूनच चिखलाखाली किंवा रंगाच्या फोडाखाली, जेथे हवा कमी पोचते, तेथे पत्रा झपाट्याने खाल्ला जातो.

शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाझरू लागते. परंतु समुद्री क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असते. त्याला सुमारे ३३ टक्के आर्द्रता पुरते. म्हणजे कोरडी दिसणारी गाडीही अनेकदा ओलीच असते.

येथे प्रश्न केवळ शोभेचा नाही. ट्रकला असते तशी वेगळी चासी पद्मिनीला नाही. तळ आणि दाराखालच्या पट्ट्या यांसह पत्र्याची पेटीच सारा भार पेलते. गंजक्या पट्टीला जॅक लावला तर पत्रा आत दबून गाडी खाली येऊ शकते. म्हणून केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

मग घरी काय करावे? गाडी वरचेवर गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः खालून आणि मडगार्डच्या आतून. दारांच्या तळाशी पाणी निचरण्याची भोके असतात. त्यांतला गाळ काडीने काढा. ओल्या गाडीवर प्लॅस्टिक घालू नका. गंजाचा डाग दिसताच तो पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासा, क्षार जाण्यासाठी गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड व त्यावर रंग लावा. नुसता रंग फासल्यास मीठ आत कोंडले जाते आणि गंज चालूच राहतो.

आता एक प्रयोग. लोखंडी पत्र्याचा तुकडा घासून स्वच्छ करा. त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि तो वाळू नये म्हणून वर पेला पालथा घाला. दोन तासांनी भिंगातून पाहा. तपकिरी गंज थेंबाच्या नेमक्या कोणत्या भागात जमला आहे? का बरे?