मध्यरात्रीपर्यंतची कैद

३ मार्च २०२३ रोजी लखनौच्या विधानसभेने काही तासांपुरते न्यायालयाचे रूप घेतले. समोर आरोपी म्हणून सहा पोलीस उभे होते. २००४ साली कानपुरात वीजकपातीविरुद्ध निदर्शने करणारे आमदार सलील विष्णोई यांना त्यांनी लाठ्यांनी मारले होते आणि त्यात आमदारांचा पाय मोडला होता. विशेषाधिकार समितीने दोषी ठरवूनही प्रकरण वर्षानुवर्षे पडून होते. आता पोलिसांनी माफी मागितली, सभागृहाने ती ऐकून घेतली आणि शिक्षा सुनावली : त्याच रात्री बारा वाजेपर्यंत कैद. कोठडीसुद्धा विधान भवनाच्या आवारातलीच.

या शिक्षेसाठी एफआयआर नव्हता, आरोपपत्र नव्हते, न्यायाधीश तर नव्हताच. तक्रार आमदाराची, चौकशी आमदारांच्या समितीची, निकाल आमदारांचा आणि कोठडीही त्यांच्याच आवारात. फिर्यादीने न्याय करू नये, हे आपण शाळेत शिकतो. मग लोकशाहीत हा अधिकार आला कुठून?

राज्यघटनेच्या १०५व्या आणि १९४व्या अनुच्छेदांत त्याचे मूळ आहे. संसदेचे आणि विधिमंडळांचे विशेषाधिकार कोणते, हे घटनाकारांनी एकेक करून लिहिले नाही. कायदा करून ते ठरवले जाईपर्यंत लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सला जे अधिकार आहेत ते आपल्या सभागृहांना असतील, एवढेच लिहून ते मोकळे झाले! १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने त्या परक्या सभागृहाचे नाव काढून टाकले, पण आशय जागचा हलला नाही. दुरुस्तीच्या आदल्या दिवशी जे अधिकार होते तेच पुढे चालू, असा त्याचा अर्थ होतो.

त्या लंडनच्या सभागृहाला खरोखरच माणसे कोंडता येत होती. १८८० मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ या नास्तिक खासदाराचा शपथेवरून वाद झाला. सभागृहाबाहेर जायला त्याने नकार दिला, म्हणून त्याला संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यातल्या खोलीत एक रात्र काढावी लागली. (हाच ब्रॅडलॉ पुढे १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आला आणि इथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले.) कॉमन्सच्या कैदेला एक विचित्र मर्यादा होती. अधिवेशनाची सत्रसमाप्ती झाली की कैदी आपोआप सुटे. सभागृहच बसलेले नाही, तर त्याची शिक्षा चालेल कशी, असा तो हिशेब.

हा हिशेब आपल्याकडे सर्वांत ठळक दिसला तो १९७८ मध्ये, आणि तोही थेट माजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या बाबतीत.

१९७५ च्या सुरुवातीला लोकसभेत मारुती कंपनीविषयी प्रश्न आला होता. पंतप्रधानपुत्र संजय गांधींच्या या कारखान्याने आयात यंत्रसामग्री वापरली का, हा त्यातला कळीचा मुद्दा. प्रश्न आला की मंत्रालयात काय होते ते सरकारी नोकरी केलेल्यांना ठाऊक आहे : फाईल खाली येते, खालचे अधिकारी फोन करतात, कंपन्यांकडून कागद मागवतात, उत्तराचा मसुदा वर जातो. त्या वेळी हे काम चार अधिकाऱ्यांकडे होते. दोन उद्योग खात्याशी संबंधित, दोन सरकारी व्यापार क्षेत्रातले. त्यांनी नेहमीसारखी माहिती गोळा करायला घेतली आणि त्यांच्यामागे सीबीआय लागली. घरांवर छापे पडले, खटले उभे राहिले. मंत्र्याच्या उत्तरासाठी कागद जमवणाऱ्या माणसावर असा घाला आला, की ती सदस्याच्या प्रश्न विचारण्याच्या हक्काचीच अडवणूक ठरते.

सरकार बदलल्यावर, नोव्हेंबर १९७७ मध्ये हा हक्कभंगाचा मुद्दा लोकसभेत आणणाऱ्यांत आपले पुण्याचे मधू लिमये होते. समर गुहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विशेषाधिकार समितीने साक्षी घेतल्या. इंदिरा गांधींनी समितीपुढे शपथ घ्यायला नकार दिला. याच विषयावर फौजदारी कारवाई होऊ शकते, तेव्हा स्वतःविरुद्ध बोलायला मला भाग पाडता येणार नाही, असा त्यांचा बचाव होता. समितीने तोसुद्धा अवमानच धरला. तिघे दोषी ठरले : इंदिरा गांधी, त्यांच्या सचिवालयातले आर. के. धवन आणि सीबीआयचे माजी संचालक डी. सेन.

म्हणजे गंमत पाहा. सभागृह नोकरशाहीवर उलटले, पण कोणासाठी? तर नोकरशाहीतल्याच चार खालच्या माणसांसाठी. मला या प्रकरणातली ही बाजू सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तीच लोक विसरले आहेत.

१९ डिसेंबर १९७८ रोजी लोकसभेने २७९ विरुद्ध १३८ मतांनी ठराव केला. इंदिरा गांधी नुकत्याच चिकमगळूरची पोटनिवडणूक जिंकून आल्या होत्या. त्यांची खासदारकी गेली आणि तिघांनाही सत्रसमाप्तीपर्यंत तुरुंगवास झाला. अध्यक्षपदी होते के. एस. हेगडे. १९७३ मध्ये इंदिरा सरकारने ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा देणारे तेच हे न्यायमूर्ती. अटकेचा हुकूमनामा त्यांच्याच सहीने निघाला. दुसऱ्याच दिवशी दोन तरुणांनी खेळण्यातली पिस्तुले दाखवून इंडियन एअरलाइन्सचे विमान वाराणसीला नेले आणि इंदिराजींच्या सुटकेची मागणी केली. पुढे हे दोघेही काँग्रेसच्या तिकिटावर उत्तर प्रदेशात आमदार झाले! २६ डिसेंबरला सत्र संपले आणि तिहारचे दार उघडले. कोणी जामीन मागितला नव्हता, कोणी अपील केले नव्हते.

आता कैद झालेल्यांची यादी जरा नीट पाहू. माजी पंतप्रधान, सीबीआयचे माजी संचालक. लखनौच्या प्रकरणात एका पक्षाच्या राजवटीतली लाठी आणि १८ वर्षांनी दुसऱ्या पक्षाच्या राजवटीतली शिक्षा. महाराष्ट्र विधानसभेने २००८ च्या मार्चमध्ये दोन दिवसांची कैद दिली ती राज्य निवडणूक आयुक्त नंद लाल यांना. वाद आयोगाच्या अधिकारांवरून होता आणि आयुक्तपद स्वतंत्र, कोणत्याही मंत्र्याच्या छत्राखाली नसलेले. खुर्चीवरचा मंत्री आणि त्याच्या मर्जीतला सचिव या यादीत सापडत नाहीत. सभागृहात बहुमत असते सरकारचे, आणि अवमानाचा ठराव बहुमताने होतो. तेव्हा कार्यकारी सत्तेला वेसण घालणारे हे हत्यार चालते, पण बहुतेक वेळा सत्तेतून उतरलेल्यांवर.

हीच गोष्ट उलट्या बाजूने ब्रिटनमध्ये दिसली. ब्रेक्झिट करारावरचा संपूर्ण कायदेशीर सल्ला खासदारांना द्या, असा ठराव कॉमन्सने केला होता. थेरेसा मे यांच्या सरकारने तो पाळला नाही. ४ डिसेंबर २०१८ रोजी कॉमन्सने ३११ विरुद्ध २९३ मतांनी सरकारलाच अवमानाबद्दल दोषी धरले. ब्रिटिश इतिहासात असे प्रथमच घडले. दुसऱ्या दिवशी सल्ला प्रसिद्ध झाला. हे जमले, कारण मे यांच्या पक्षाचे स्वतःचे बहुमत २०१७ च्या निवडणुकीतच गेले होते.

अमेरिकेत कार्यकारी सत्ता आणि काँग्रेस वेगवेगळ्या निवडून येतात, तेव्हा तिथे तरी काम सोपे असेल असे वाटते. तसे नाही. १९१६ मध्ये प्रतिनिधिगृहाने न्यूयॉर्कच्या एका सरकारी वकिलाला अपमानकारक पत्राबद्दल पकडले, तर पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. हल्ली गृह ठराव करते आणि खटला भरण्यासाठी प्रकरण न्याय खात्याकडे धाडते. पण न्याय खाते कोणाचे? राष्ट्राध्यक्षांचे. १९८२ मध्ये पर्यावरण संस्थेच्या प्रमुख ॲन गोरसच यांनी कागद दिले नाहीत म्हणून गृहाने त्यांना दोषी धरले, तेव्हा न्याय खात्याने उलट गृहालाच कोर्टात खेचले. २०१२ मध्ये खुद्द न्याय खात्याचे प्रमुख एरिक होल्डर दोषी ठरले आणि त्यांच्यावर खटला झालाच नाही. ट्रम्प यांचे सल्लागार पीटर नवारो मात्र २०२४ मध्ये चार महिने तुरुंगात गेले. तोवर व्हाइट हाउसमधला माणूस बदललेला होता.

आपल्याकडे न्यायालयांनी या अधिकाराला कुंपण घातले आहे, पण ते ठेंगणे आहे. १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने केशव सिंह या नागरिकाला कैद केले. उच्च न्यायालयाच्या दोघा न्यायाधीशांनी त्याला जामीन दिला, तर विधानसभेने त्या न्यायाधीशांनाच पकडून सभागृहासमोर आणायचा ठराव केला. अलाहाबादचे २८ न्यायाधीश एकत्र बसले आणि त्यांनी तो थांबवला. प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयात गेले. साताऱ्यात जन्मलेले सरन्यायाधीश पी. बी. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने मत दिले : न्यायाधीशांनी सभागृहाचा अवमान केलेला नाही, आणि सभागृहाच्या कैद्यालाही उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते.

१९७८ च्या ठरावाचे पुढे काय झाले? काँग्रेस सत्तेत परतल्यावर ७ मे १९८१ रोजी लोकसभेने तो रद्द केला. नवे बहुमत, नवा निकाल. अशा वेळी गुन्हा कोणता, कैद किती दिवसांची, बाजू मांडायची संधी कशी, हे कायद्यात लिहिलेले असायला हवे. अनुच्छेद १०५ मध्ये तसा कायदा करायची सोय पहिल्या दिवसापासून आहे. संसदेने तो आजवर केलेला नाही.