'आ'पासून 'ई'पर्यंत : वेव्हटेबल म्हणजे काय?

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, "सर, कीबोर्डमंधी एवढे आवाज कुठून येतात?" असं चौथीतल्या पोरानं विचारलं, तर काय सांगाल?

त्याला एका सुरात 'आ' म्हणायला लावा. सूर न बदलता हळूहळू 'ई'वर येऊ द्या. सूर तोच, पण तोंडाचा आकार बदलला तसा लहरीचाही बदलला!

वेव्हटेबल म्हणजे अशा लहरींचा तक्ता, पाढ्यांसारखा. प्रत्येक ओळीत एकच लहर. सिंथेसायझर ती पुन्हा पुन्हा वाचतो. जलद वाचली की सूर चढतो. ओळ बदलली की आवाजाचा रंग बदलतो. जर्मनीच्या वोल्फगांग पाल्म यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत वाद्यात आणली.

वर्गात करून पाहा. मोबाइलवर 'आ' रेकॉर्ड करा, मोफत ऑडेसिटीत मोठा करून दाखवा. सेकंदाला ४४,१०० नमुने असले, तर २२० हर्ट्झच्या सुराची एक लहर साधारण २०० नमुन्यांची. रेघ मधली रेषा ओलांडून वर चढते तिथून पुढच्या तशाच जागेपर्यंत कापा. नाहीतर खटखट येते. तुकडा शेकडो वेळा रिपीट करा.

आवाज निर्जीव वाटेल. 'असं का?' हे पोरांनाच विचारा. आपला आवाज क्षणोक्षणी थोडा बदलत असतो, म्हणून तर तो जिवंत वाटतो. वेव्हटेबलमध्ये ओळी सरकवायच्या त्या यासाठीच.

मात्र आपल्या अमरावतीच्या राष्ट्रसंतांच्या खंजिरीची थाप अशी एका लहरीत मावत नाही. का, ते पोरांना शोधू द्या.