भाड्याचे घर आणि भिंतीवरची रेघ

बदली होऊन आम्ही चिपळूणला आलो तेव्हा मे महिना संपत आला होता. शाळा उघडायच्या आत घर हवे होते. दोन ठिकाणी आमचे नाव ऐकल्यावर "घर कालच दिले" असे उत्तर मिळाले. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना नवा नाही. शेवटी जांभ्या दगडाचे एक जुने घर मिळाले. भाडे परवडणारे, मशीद जवळ आणि मालक आपल्याच समाजाचे. आम्ही इतके सुखावलो की काही विचारायचे भानच राहिले नाही.

घर उतारावर होते. रस्त्याकडून पाहिले तर बैठे, मागून पाहिले तर खाली आणखी एक खोली. तिच्या तीन भिंती मातीत, एक दार मागच्या अंगणात. न्हाणीघर बाजूलाच. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. म्हणून अम्मींची खाट, जानमाज आणि रिहल त्याच तळघरात लावली. खोलीला ताजा रंग होता, पण फक्त कमरेपर्यंत. मुलांच्या वहीतली खाडाखोड मी लगेच ओळखते, भिंतीवरची मात्र ओळखली नाही.

जुलैत तीन दिवस सलग पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी फजरच्या आधी अम्मींची हाक आली. पाणी दारातून नव्हे, न्हाणीच्या मोरीतून उलटे येत होते. बघता बघता घोट्याचे पाणी गुडघ्याला लागले. यांनी अम्मींना पाठीवर घेतले. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तोच शेजारच्या खाला खिडकीतून ओरडल्या, "हात लावू नकोस, आधी वरचा मेन स्विच बंद कर!" आज मी हे लिहिते आहे ते अल्लाहच्या कृपेने आणि त्या हाकेमुळे.

अम्मी वाचल्या, फळीवरचा कुरआन शरीफ वाचला. खाटेखालच्या पेटीतले माझे बी.एड.चे प्रमाणपत्र मात्र भिजले. दुसऱ्या दिवशी खाला म्हणाल्या, "या खोलीत तर दर दोन-तीन वर्षांनी पाणी येते. तुम्हाला सांगितले नाही?" मालकांना विचारले, तर ते म्हणाले, "तुम्ही विचारलेच नाही."

सांगणे कोणाचे, विचारणे कोणाचे?

या उत्तरावर मला सहीह मुस्लिममधील एक हदीस आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात, तर आत ओल लागते. विक्रेता सांगतो की पाऊस लागला. तेव्हा आप (स.) विचारतात की भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही, असे बजावतात. धान्याची ओल आणि भिंतीची ओल यांत फरक तो काय?

भाड्याच्या व्यवहाराला शरीअतमध्ये इजारा म्हणतात. घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि लपवलेला दोष निघाला तर भाडेकरूला करार मोडता येतो. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आपण मात्र "घरातलाच माणूस आहे" म्हणून कागद टाळतो आणि नंतर मने दुखावतात.

कायदाही वेगळे सांगत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. कलम 14 प्रमाणे घर दुरुस्त ठेवणे हे मालकाचे काम. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने ते केले नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मात्र आजकाल बहुतेक करार 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचे असतात. त्यामुळे पाणी आले तर दुरुस्ती कोणाची, भाडे किती आणि डिपॉझिट कधी परत, हे त्या करारातच लिहून घ्यावे.

घर पाहताना

चिपळूणची वाशिष्ठी 22 जुलै 2021 रोजी बाजारपेठेत शिरली, ते सर्वांच्या स्मरणात आहे. खाडीला भरती असली की नदीचे पाणी लवकर ओसरत नाही. अशा गावांत पूररेषा आखलेली असते. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपले घर कुठे येते, ते नगरपरिषदेत विचारावे.

पण आमच्या खोलीत नदी आली नव्हती, गटार आले होते. म्हणून घर पाहताना भिंतीवर रेघ, पोपडे किंवा पांढरा क्षार आहे का, दाराची चौकट खाली कुजली आहे का, ते बघा. मोरी बाहेरच्या गटारापेक्षा खाली तर नाही ना, तेही पाहा. आणि शेजाऱ्यांना विचारा. मालक विसरेल, शेजारी विसरत नाही.

राहावेच लागले तर

तळघरात कोणी झोपू नये, निदान पावसाळ्यात तरी. गॅस सिलिंडर तिथे ठेवू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की खालीच साठतो. बटणे कमरेच्या वर घ्यावीत, मेन स्विच वरच्या मजल्यावर असावा आणि ईएलसीबी बसवून घ्यावे. कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर ठेवावीत. मोरीच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की गटाराचे पाणी उलटे येत नाही.

पाणी ओसरल्यावर वीज तपासल्याशिवाय सुरू करू नये. चिखलात अनवाणी उतरू नये. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, ताप आल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे. गटाराचे पाणी नापाक, म्हणून जानमाज व कपडे नीट धुऊन पाक करावेत. जमीन आधी धुवावी, मग ब्लिचिंग पावडर वापरावी.

आमच्या मालकांशी मी भांडले नाही. हदीस मात्र सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. पुढच्या आठवड्यात व्हॉल्व्ह बसला आणि पावसाळ्याचे चार महिने भाडे कमी करायचे ठरले. अम्मींची खाट आता वर माजघरात आहे. यांनी मागच्या बाजूने रॅम्प करून घेतला.

दोन वर्षांनी आम्ही घर सोडले. नवे जोडपे घर पाहायला आले, तेव्हा मी सांगण्यासाठी तोंड उघडणार इतक्यात मालकच म्हणाले, "खालची खोली दाखवतो. इथवर पाणी आले होते." त्यांनी भिंतीवर बोट ठेवले. त्या वर्षी तिथे रंग दिलेला नव्हता.