एक भेंडी झाडावरच राहू द्या!

पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात गेलात तर भाजीवाल्या मावशींच्या टोपलीत एक वेगळीच भेंडी दिसते. लांब, फिकट हिरवी, अंगावर ठळक शिरा. कुणी तिला सातशिरी म्हणतं, कुणी नवधारी. नेहमीच्या पाचधारी भेंडीसमोर ती जरा ओबडधोबडच वाटते, पण ही गावठी भेंडी आता तळोज्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीतही लावता येते.

गावठीच का?

हायब्रिड भेंडीचं बी धरून पुन्हा पेरलं तर पुढची झाडं तशीच येतील याची खात्री नसते. म्हणजे दरवर्षी नवं पाकीट घ्या! गावठी बियाणं मात्र पिढ्यान् पिढ्या तेच गुण देतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच देशी बियाणी जपली. २०१८ मध्ये बीबीसीच्या १०० महिलांच्या यादीत त्या आल्या, २०२० ची पद्मश्रीही मिळाली.

अर्थात, गावठी म्हणजे सगळंच भारी असं नाही. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा रोग भेंडीचा जुना शत्रू आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि झाड खुंटतं. १९२४ मध्ये या रोगाची नोंद झाली ती आपल्याच मुंबई इलाख्यात. त्याला तोंड देण्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हा वाण काढला. तो हायब्रिड नाही, त्यामुळे त्याचंही बी धरता येतं.

लावायची कशी?

रंगाची रिकामी २० लिटरची बादली स्वच्छ धुवा, तळाला भोकं पाडा. तळोजा एमआयडीसीच्या आसपासच्या मोकळ्या प्लॉटवरची माती उचलून आणू नका. नर्सरीतली माती आणि घरचं कंपोस्ट बरं. बी रात्रभर भिजवा, एका बादलीत दोन-तीन पेरा आणि जोमदार रोप तेवढं ठेवा. पाच-सहा तास ऊन हवंच. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. त्यानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायची, नाहीतर ती जून होते. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा. केवडा दिसला की मात्र झाड उपटायचं, दया नको!

खरी गंमत बियांची

भेंडीचं फूल एकच दिवस उमलतं. मधमाश्यांमुळे शेजारच्या वाणाशी संकर होऊ शकतो, म्हणून उमलायच्या आदल्या संध्याकाळी कळीवर मलमलची छोटी पिशवी बांधा. फूल गळलं की पिशवी काढून त्या शेंगेला दोरा बांधून ठेवा, म्हणजे आई चुकून भाजीला तोडणार नाही! निरोगी झाडावरची अशी शेंग महिनाभर तरी राहू द्या. ती तपकिरी होऊन तडकू लागली की काढा. बी सावलीत वाळवा, राखेत मिसळून काचेच्या बरणीत भरा आणि वर वाण, जागा, तारीख लिहा.

बी आणायचं कुठून? गावी मामा-आत्याकडे विचारा, भाजीवाल्या मावशींकडे वाळलेली शेंग मागा. आणि जमलेलं बी वाटा. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यालाही बियाणं राखायचा आणि वाटायचा हक्क दिलाय. एका शेंगेत कितीतरी बिया निघतात. अख्ख्या ग्रुपला पुरतील. तळोज्याच्या आसपासची शेतं कमी होत चाललीत. तिथलं बी तरी आपल्या बरण्यांमध्ये टिकायला हवं.