कॅलेंडर कोरं आहे म्हणून माणूस मोकळा नसतो

नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या आयटी कंपनीत रुजू झालं की ईमेलसोबत सामाईक कॅलेंडरही मिळतं. त्यावरून ‘ते सगळेच वापरतात’ असा समज झालाय. खरं तर बहुतेक जण आलेली निमंत्रणं तेवढी स्वीकारतात. स्वतःचं काम क्वचितच नोंदवतात. क्लायंटचा रिपोर्ट पूर्ण करायला राखून ठेवलेली दुपार मग इतरांना कोरी दिसते आणि तिथे मीटिंग येऊन पडते. कोऱ्या जागेचा अर्थ ‘नोंद नाही’ एवढाच. ती दुपार स्वतःच ‘व्यग्र’ म्हणून अडवून ठेवावी, आणि त्यात संकोच वाटू देऊ नये.

गैरसमज : कॅलेंडर शेअर केलं की साहेबांना सगळंच दिसतं.
आउटलुक असो वा गुगल, फक्त ‘व्यग्र की मोकळा’ एवढंच दाखवण्याची सोय दोन्हीकडे आहे. एखादी नोंद ‘खासगी’ही ठेवता येते. डॉक्टरकडे जायचंय हे लपवायला अख्खं कॅलेंडर कोरं ठेवायची गरज नाही. मात्र कंपनीने कोणती सेटिंग ठेवली आहे, हे आयटी विभागाला जरूर विचारावं.

गैरसमज : क्लायंटचं सॉफ्टवेअर वेगळं, म्हणजे निमंत्रण चालणार नाही.
कॅलेंडरच्या नोंदींची देवाणघेवाण करायला आयकॅलेंडर हा सामाईक नमुना १९९८पासून आहे, म्हणून एका सॉफ्टवेअरचं निमंत्रण दुसऱ्यातही उघडतं. गुगल कॅलेंडर तर त्यानंतर, २००६ला आलं.

गैरसमज : अमेरिकेची वेळ कॅलेंडर आपोआप सांभाळतं.
सांभाळतं, पण कोणाच्या बाजूने? न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात. दर आठवड्याची मीटिंग न्यूयॉर्कच्या वेळेनुसार लावलेली असेल, तर आपल्याकडे ती साडेसातला सरकते आणि ऐरोलीहून ठाण्याची लोकल गाठायला उशीर होतो. भारतीय वेळेनुसार लावली असेल, तर त्यांना आठला यावं लागतं. कोणाची संध्याकाळ किंवा सकाळ जाणार, हे आधी बोलून ठरवायला हवं.

गैरसमज : कॅलेंडर आलं की ड्युटी चार्ट गेला.
इथल्याच टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत मशीन चालवणाऱ्या अनेकांकडे कंपनीचा ईमेलच नसतो. त्यांची पाळी नोटीस बोर्डावर नि व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळते. दुपारी तीनला पहिली पाळी दुसऱ्या पाळीकडे काम सोपवत असताना ऑफिसातून सुपरवायझरला नेमकं तीनचंच निमंत्रण येतं, कारण पाळीबदलाची नोंद कॅलेंडरात कोणी केलेलीच नसते. ती रोजची नोंद एकदाच टाकायची असते, आणि ती सुपरवायझरच्या माथी न मारता ऑफिसनेच टाकावी.